घरी केलेला स्टेक चपलेसारखा वातड का होतो?

रील जेमतेम तीस सेकंदांचं असतं. काळाकुट्ट तवा, त्यावर पडलेला मांसाचा जाडजूड तुकडा, चर्र आवाज, वरून बटर आणि लसूण. मग सुरी फिरते आणि आतून गुलाबी, रसरशीत स्टेक दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, यात अवघड काय आहे? ना वाटण, ना फोडणी, ना तासभर शिजवणं. मीठ, मिरी आणि तवा, संपला विषय.

मग एखाद्या रविवारी हौसेने मांस आणलं जातं, रीलमध्ये दाखवलं अगदी तसंच केलं जातं आणि ताटात येतं ते चावून चावून जबडा दुखवणारं प्रकरण. "अजून दहा मिनिटं ठेवायला हवं होतं, नीट शिजलं नाही," असं घरातलं कोणीतरी म्हणतं. पुढच्या रविवारी दहा मिनिटं जास्त ठेवलं जातं. स्टेक आणखी कडक होतो.

घोळ नेमका इथंच आहे. आपल्याकडे मांस कडक लागलं की ते कच्चं राहिलं असं समजतात. मटणाच्या बाबतीत ते बरोबरही आहे. स्टेकच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा उलटं असतं. तो कडक झालेला असतो कारण तो जास्त शिजलेला असतो.

मटणाचा नियम स्टेकला का लागत नाही?

जनावराच्या मांसात, म्हणजे स्नायूत, साधारण ७५ टक्के पाणीच असतं. बाकीचं बरंचसं प्रथिन. ही प्रथिनं ढोबळमानाने दोन प्रकारची समजू. एक म्हणजे स्नायूंचे बारीक धागे. दुसरं म्हणजे त्या धाग्यांच्या जुड्या बांधून ठेवणारं चिवट वेष्टन, ज्याचा मुख्य भाग असतो कोलाजेन.

या दोघांचं उष्णतेशी वागणं एकमेकांच्या बरोबर विरुद्ध आहे. धागे तापले की आकसतात आणि कपडा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर टाकतात. जितकं जास्त तापमान, तितका जास्त पीळ. म्हणजे धाग्यांना उष्णता कमी लागलेली बरी. कोलाजेनचं तसं नाही. ते सुरुवातीला आवळतं, कडक होतं, पण ७० अंशांच्या पुढे ओलसर आचेवर बराच वेळ राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पायाच्या सुपात ओठांना चिकटणारा जो दाटपणा लागतो, तो हाच.

आपला मटण रस्सा दुसऱ्या वाटेवर चालतो. बोकडाच्या मांडीत, खांद्यात कोलाजेन भरपूर. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि पाच-सहा शिट्ट्यांत ते विरघळतं. धाग्यांमधलं पाणी केव्हाच निघून गेलेलं असतं, पण ते जातं कुठे? रश्श्यात. आणि रस्सा आपण भाकरीशी खातोच. त्यामुळे काही बिघडत नाही.

स्टेक पहिल्या वाटेचा पदार्थ. त्यासाठी मुळातच कमी कोलाजेनचा, जनावराने फारसा न वापरलेला स्नायू घेतात आणि धागे पूर्ण पिळले जायच्या आत थांबतात. खाली रस्सा नसतो, त्यामुळे बाहेर पडलेलं पाणी परत मिळत नाही.

या दोन वाटांच्या मधे एक खड्डा आहे. आतलं तापमान ७० अंशांच्या पुढे गेलंय, म्हणजे धागे पिळून झालेत. पण वेळ वीस मिनिटंच झालाय, म्हणजे कोलाजेन विरघळलेलं नाही. दोन्हीकडचं वाईट ते नेमकं पदरात. घरी केलेले बरेचसे स्टेक या खड्ड्यात पडतात. "अजून दहा मिनिटं" ठेवून त्यातून बाहेर येता येत नाही, दीड-दोन तास ठेवलं तर येता येतं. पण मग तो स्टेक राहत नाही, ते मटण झालं.

किती अंशांना थांबायचं?

स्टेकच्या गाभ्याचं, म्हणजे सगळ्यात जाड भागाच्या मधोमधचं तापमान बघायचं असतं. ५० अंशांच्या आसपास धाग्यांमधलं मायोसिन हे प्रथिन आवळायला लागतं. मांस कच्चेपणा सोडून जरा घट्ट होतं, पण रस आतच असतो. याला रेअर म्हणतात. ५४ ते ५७ अंशांना मिडियम रेअर, आतून गुलाबी आणि कोमट. ६० ते ६३ ला मिडियम. याच टप्प्यावर वेष्टनातलं कोलाजेन आकसायला लागतं आणि रस मोठ्या प्रमाणात बाहेर ढकलला जातो. तुकडा डोळ्यांदेखत लहान झाल्यासारखा वाटतो तो इथे. ७० च्या पुढे वेल डन, म्हणजे आतून करडा आणि बऱ्यापैकी कोरडा.

लक्षात घ्या, मिडियम रेअर आणि वेल डन यांच्यात फक्त १३ ते १६ अंशांचं अंतर आहे. कडकडीत तव्यावर हे अंतर दोन-तीन मिनिटांत पार होतं. म्हणून "एका बाजूने चार मिनिटं, दुसऱ्या बाजूने चार मिनिटं" हा सल्ला तसा निरुपयोगी आहे. कुठला तवा, किती आच, किती जाड तुकडा, फ्रिजमधून काढून किती वेळ झाला, यातलं काहीही बदललं की ती चार मिनिटं बदलतात. तळहाताचा गुबगुबीत भाग दाबून स्टेकशी तुलना करायची युक्तीही व्हायरल आहे. रोज शंभर स्टेक करणाऱ्या शेफला बोटांचा अंदाज येत असेल, वर्षातून चारदा करणाऱ्याला येत नाही.

त्यापेक्षा टोकदार सळईचा डिजिटल फूड थर्मामीटर घ्या. ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मिळतो. महागडा तवा, ट्रफल बटर, हिमालयन मीठ या सगळ्याच्या आधी खर्च करायचा असेल तर यावर करावा. सळई वरून खाली न घालता तुकड्याच्या कडेने आडवी मधोमध घालायची, म्हणजे गाभ्याचा आकडा नीट मिळतो.

आणखी एक. तव्यावरून उतरवल्यावरही स्टेकचं शिजणं थांबत नाही. बाहेरची उष्णता आत जात राहते आणि आकडा आणखी ३ ते ५ अंश चढतो. म्हणजे ५५ हवे असतील तर ५२ लाच उतरवायचा. सिझलरमधला स्टेक शेवटच्या घासापर्यंत कडक होत जातो, त्याचं कारणही हेच. ती तापलेली लोखंडी प्लेट टेबलावर येऊनही त्याला शिजवतच असते.

पण मांस कुठलं आणायचं?

इंग्रजी रेसिपीत रिबआय, सरलॉइन, न्यूयॉर्क स्ट्रिप अशी नावं असतात. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ती सुपरमार्केटमध्ये पाकिटावर छापलेली मिळतील. तिथे मांसातल्या चरबीच्या बारीक जाळीवरून प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशा प्रतीही लावलेल्या असतात. ही चरबी वितळून मांस ओलसर ठेवते, त्यामुळे दोन-चार अंश जास्त झाले तरी खपून जातं.

महाराष्ट्रात गणित वेगळं आहे. राज्याच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यातली दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाली आणि गाईसोबतच बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैसवर्गीय जनावरं या बंदीत येत नाहीत. त्यामुळे मुंबई-पुण्यात मेनूवर "बफ स्टेक" किंवा नुसतंच "टेंडरलॉइन" लिहिलेलं असतं, ते म्हशीचं किंवा रेड्याचं मांस. भारत जगाला जे मांस मोठ्या प्रमाणात निर्यात करतो, तेही हेच. व्यापारात त्याला कॅराबीफ म्हणतात.

वांद्रे, माहीम किंवा पुण्याच्या कॅम्पातल्या दुकानात जाऊन "स्टेक द्या" म्हणण्यापेक्षा "अंडरकट द्या" म्हणा. अंडरकट म्हणजे पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूला असलेली लांबट पट्टी. चालताना, ओझं ओढताना या स्नायूला जवळपास कामच नसतं, म्हणून तो सगळ्यात मऊ. एका जनावरात अशा दोनच पट्ट्या निघतात, म्हणून महागही. मांडीचं मांस स्वस्त पडतं, पण ते आणून स्टेक करायला गेलात तर सुरुवातीच्या त्या जबड्याची आठवण होईल.

म्हशीच्या मांसात चरबीची ती जाळी फारच कमी असते. रंग गडद, मांस एकदम रोडकं. शिवाय आपल्याकडे कापलेली जनावरं बऱ्याचदा वयस्कर, दूध आटलेली असतात. म्हणजे सांभाळून घ्यायला चरबी नाही आणि धागेही जून. अशा मांसाला अमेरिकन व्हिडिओतली ढिलाई परवडत नाही. आकडा इथे जास्त काटेकोर पाळावा लागतो.

अंडरकट घेताना खाटकाला पातळ काप करू देऊ नका. सवयीने तो बोटभर जाडीचे तुकडे करून देईल. तुकडा किमान ३ ते ४ सेंटीमीटर जाड हवा. पातळ तुकड्याची बाहेरची बाजू खरपूस होईपर्यंत आतलं सगळं शिजून गेलेलं असतं, मग थर्मामीटर असून उपयोग नाही. खरं तर अख्खी पट्टी आणावी, वरची चंदेरी पापुद्र्यासारखी शीर सुरीने सोलून काढावी आणि काप घरी करावेत. ती शीर कितीही शिजवली तरी चामड्यासारखीच राहते.

आता ताजेपणाचं काय? आपल्याकडे सकाळी कापलेलं आणि दुपारी शिजलेलं मटण उत्तम समजलं जातं. स्टेकच्या बाबतीत हा हट्ट सोडावा लागतो. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि मोठ्या जनावरात तो ताठरपणा जायला एक-दोन दिवस लागतात. त्यानंतर मांसातली एन्झाइम्स धागे हळूहळू सैल करतात. परदेशात चांगलं बीफ शून्याच्या जरा वर, नियंत्रित थंडीत दोन ते चार आठवडे मुरवून विकतात ते यासाठी. घरच्या, दिवसातून पन्नासदा उघडल्या जाणाऱ्या फ्रिजमध्ये तो उद्योग करू नये. पण दुकानातून थंडच आणलेलं मांस सगळ्यात गार कप्प्यात एक-दोन दिवस ठेवलं तर फरक पडतो. शनिवारी आणा, रविवारी करा.

इथे हमखास विचारलं जातं, "कच्ची पपई लावली तर?" कबाबांना पपई ठीक आहे. तिच्यातलं पपेन प्रथिनं तोडतंच. पण जाड तुकड्यात ते आतपर्यंत पोचत नाही. बाहेरचा थर गिचका होतो, आतला आहे तसाच. दह्याचं मॅरिनेशनही नको, का ते पुढे येईल.

"रस आत कोंडतो" ही थाप कुणी मारली?

स्टेकबद्दलचा सगळ्यात पसरलेला समज म्हणजे आधी जोरदार आचेवर दोन्ही बाजू भाजल्या की मांसावर कवच तयार होतं आणि रस आत कोंडला जातो. टीव्हीवरचे शेफ सांगतात, कुकिंग क्लासमध्ये शिकवतात, पाकिटांवर छापलेलं असतं.

हे सगळीकडे पोचवणारा माणूस स्वयंपाकी नव्हता, केमिस्ट होता. जर्मनीचे युस्टुस फोन लीबिग हे एकोणिसाव्या शतकातलं रसायनशास्त्रातलं फार मोठं नाव. शेतीच्या खतांचा अभ्यास त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. १८४७ च्या सुमारास त्यांनी अन्नाच्या रसायनशास्त्रावर लिहिताना मांडलं की मांसाचा सगळा कस त्याच्या रसात असतो, म्हणून सुरुवातीलाच तीव्र उष्णता देऊन बाहेरचा थर घट्ट करावा, म्हणजे रस बाहेर येणार नाही. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचा शब्द. युरोप-अमेरिकेतल्या पाककृतींच्या पुस्तकांनी तो उचलला आणि स्वयंपाकाच्या पद्धतीच बदलल्या. लीबिग यांचं नाव पुढे मांसाचा अर्क विकणाऱ्या कंपनीलाही लागलं, ती गोष्ट वेगळी.

१९३० च्या आसपास अमेरिकेत साधे प्रयोग झाले. काही मांस आधी तीव्र आचेवर भाजलं, काही न भाजता शिजवलं आणि वजनं घेतली. भाजलेल्या मांसाने रस राखला नव्हता, उलट घट तितकीच किंवा थोडी जास्त होती. १९८४ मध्ये हॅरल्ड मॅगी यांच्या "ऑन फूड अँड कुकिंग" या पुस्तकाने हे सामान्य वाचकांपर्यंत आणलं. तरी समज जागचा हलला नाही.

खरं तर प्रयोगाचीही गरज नाही, कान पुरेसे आहेत. स्टेक तव्यावर पडला की जो चर्र आवाज येतो, तो मांसातलं पाणी बाहेर येऊन तव्यावर उकळल्याचा आवाज आहे. कवच झालं असतं, रस कोंडला असता, तर दुसऱ्या मिनिटाला आवाज बंद पडला असता. तो शेवटपर्यंत चालूच असतो.

मग भाजायचं कशाला?

चवीसाठी. फक्त चवीसाठी, पण तेवढं कारण पुरेसं आहे.

लोखंडी तव्यावर भाकरीला पडलेले तपकिरी डाग, कांदा-खोबरं भाजताना घरभर सुटलेला वास, टोस्टच्या कडा, भाजलेली कॉफी. या सगळ्यांमागे एकाच कुळातल्या रासायनिक क्रिया आहेत. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखरेचे काही प्रकार उष्णतेने एकत्र येतात आणि शेकडो नवे चवीचे, वासाचे घटक तयार होतात. लुई-कामी मायार या फ्रेंच केमिस्टने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार रिअ‍ॅक्शन म्हणतात. मराठी स्वयंपाकघराने तिला "खरपूस" असं नाव कधीच देऊन ठेवलंय.

ही क्रिया झपाट्याने होते ती १४० अंशांच्या पुढे. पाणी मात्र १०० अंशांना उकळतं आणि जोवर पृष्ठभागावर पाणी आहे, तोवर तापमान १०० च्या फार वर जाऊ देत नाही. म्हणजे ओला स्टेक तव्यावर टाकला तर पहिली काही मिनिटं तो वाफेवर उकडतो, त्यात आतला भाग शिजून जातो आणि रंग येतो तो उशिरा. दही, सोया सॉस, लिंबू नको ते याचसाठी. तव्यात एकदम चार तुकडे कोंबायचे नाहीत, तेही याचसाठी. तवा थंड पडतो, पाणी साचतं आणि मांस करडं होतं.

तर स्टेक कोरडा हवा. त्यासाठी सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे मीठ. मीठ लावल्यावर तीन-चार मिनिटांत पृष्ठभागावर पाण्याचे थेंब दिसायला लागतात. नेमकं याच वेळी स्टेक तव्यावर टाकणं सगळ्यात वाईट. थांबलात तर तेच पाणी मिठासकट हळूहळू परत आत शोषलं जातं. "द फूड लॅब" या २०१५ च्या पुस्तकाचे लेखक जे. केन्जी लोपेझ-ऑल्ट यांनी हे तपासून सोपा हिशोब सांगितला आहे. एकतर तव्यावर टाकायच्या क्षणी मीठ लावा किंवा निदान ४० मिनिटं आधी लावा. मधल्या वेळेत नको. सगळ्यात उत्तम म्हणजे आदल्या रात्री मीठ लावून, खाली ताटली ठेवून जाळीवर फ्रिजमध्ये उघडा ठेवणं. फ्रिजची कोरडी हवा पृष्ठभाग सुकवते. मात्र शेजारी चिरलेली कोशिंबीर किंवा देवाच्या नैवेद्याचं दूध नको, कच्च्या मांसाचे थेंब लागायला नकोत. मीठ किती? अर्धा किलोला बारीक मिठाचा चहाचा एक सपाट चमचा.

"स्टेक दोन तास आधी बाहेर काढून ठेवा, रूम टेम्परेचरला येऊ द्या" हा सल्ला मात्र सोडून द्या. जाड तुकड्याचं मधलं तापमान वीस मिनिटांत जेमतेम एक-दोन अंशांनी वाढतं, त्याने पदरात काही पडत नाही. आणि ही "रूम" थंड देशातली आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियमच आहे की हवा ३२ अंशांच्या वर असेल तर कच्चं मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. नागपूरच्या मे महिन्यात तर विषयच नको.

बिडाचा तवा काढा

स्टेकसाठी ऑनलाइन कास्ट आयर्नचा स्किलेट शोधणाऱ्यांनी आधी घरातल्या वरच्या फळीवर बघावं. बिडाचा तवा म्हणजेच कास्ट आयर्न. आंबोळी-घावनासाठी आजीने वापरलेला तवा असेल तर उत्तमच, तो वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलेला असतो. बीड जाड असतं, भरपूर उष्णता साठवतं, त्यामुळे गार मांस पडल्यावरही एकदम थंड होत नाही. भाकरीचा पत्र्याचा लोखंडी तवाही चालेल, पण तो पातळ असल्याने तापमान पटकन पडतं. नॉनस्टिक नको. स्टेकला लागतो तितका तो रिकामा तापवला तर २६० अंशांच्या पुढे त्याचं कोटिंग बिघडायला लागतं.

तवा मध्यम-मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो गोळी होऊन पळाला की तयार. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, कारण धूर होणार.

तेल कुठलं? ऑलिव्ह ऑइलवर पैसे घालवू नका. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल चालतं. आणि घरचं साजूक तूप असेल तर ते बटरपेक्षा सरस. बटरमध्ये पाणी आणि दुधाचे कण असतात, ते कण १५० अंशांच्या आसपास करपायला लागतात. तूप कढवताना आपण नेमके तेच बेरीच्या रूपात काढून टाकलेले असतात. फ्रेंच स्वयंपाकात "क्लॅरिफाइड बटर" म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते तुपाचं सख्खं भावंडं.

स्टेक पेपर नॅपकिनने पुन्हा एकदा टिपून घ्या आणि तव्यावर ठेवा. पुढचा प्रश्न पालटण्याचा. "एकदाच उलटायचा, सारखा हात लावायचा नाही" असं सांगतात. प्रत्यक्षात दर अर्ध्या-एक मिनिटाने चिमट्याने उलटत राहिलात तर आतली शिजण्याची पातळी जास्त एकसारखी राहते आणि काम लवकर होतं. कारण सोपं आहे, पोळी आपण उलटसुलट भाजतो तेच. कुठलीच बाजू फार वेळ आचेवर नसते, त्यामुळे कडेला करड्या, जास्त शिजलेल्या मांसाचा जाड पट्टा तयार होत नाही. कडाही चिमट्याने उभ्या धरून भाजून घ्या.

चार मिनिटांनंतर थर्मामीटर लावायला सुरुवात करा. आकडा ४५ च्या आसपास आला की आच कमी करून बटरचा तुकडा, ठेचलेल्या लसणाच्या तीन-चार पाकळ्या आणि मिळाली तर थाइमची काडी टाका. तवा तिरका करून ते बटर चमच्याने वर ओतत राहा. लसूण आधी टाकला तर जळून कडू होतो. मिरीही शेवटीच. ३ ते ४ सेंटीमीटरचा तुकडा साधारण सहा ते आठ मिनिटांत होतो, पण घड्याळाकडे बघू नका.

तुकडा याहून जाड असेल आणि घरात ओटीजी असेल तर क्रम उलटा करून बघावा. १२० अंशांच्या ओटीजीत जाळीवर ठेवून गाभा ४६-४७ पर्यंत न्यायचा, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. मग कडकडीत तव्यावर प्रत्येक बाजूला मिनिटभर. याला रिव्हर्स सीअर म्हणतात. ओटीजीत पृष्ठभाग आधीच सुकलेला असतो, त्यामुळे तव्यावर रंग झटक्यात येतो. आधी भाजून रस "कोंडण्याची" गरज असती, तर ही पद्धत चाललीच नसती.

गुलाबी म्हणजे कच्चं? आणि ते लाल पाणी?

ताटात साचणारं लाल पाणी बघून बरेच जण तोंड फिरवतात. ते रक्त नसतं. जनावर कापतानाच रक्त वाहून जातं. हे पाणी आहे आणि त्यात मायोग्लोबिन हे स्नायूतलं लाल प्रथिन विरघळलेलं आहे. ६० अंशांच्या पुढे त्याचा लाल रंग जायला लागतो आणि मांस करडं होतं, एवढंच.

पण ते सुरक्षित आहे का, हा प्रश्न रास्त आहे आणि रीलमध्ये त्यावर कुणी बोलत नाही. अख्ख्या तुकड्याच्या आत सहसा जिवाणू नसतात, ते पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर मरतात. मिडियम रेअर स्टेक खाण्यामागचं गृहीतक हे आहे. त्यातही अमेरिकेचं कृषी खातं ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं थांबणं एवढी किमान मर्यादा सांगतं. म्हणजे शेफ लोकांचं ५५ त्या मर्यादेच्या खाली आहे. तिथले लोक ती जोखीम पत्करतात, कारण मांस कत्तलखान्यापासून दुकानापर्यंत सतत थंडीत राहिलेलं असतं आणि त्याची तपासणी झालेली असते.

आपल्या बाजारात उघड्यावर टांगलेल्या, माश्या बसलेल्या मांसाला हे गृहीतक लागू होत नाही. शिवाय टेपवर्मसारख्या परजीवींच्या अळ्या मांसाच्या आत असू शकतात. त्यामुळे मांस कुठून आलं याची खात्री नसेल तर ६० ला उतरवून ६३ पर्यंत चढू द्यावं. अंडरकटमध्ये कोलाजेन कमी असल्याने ६३ लाही तो खाण्याजोगा मऊ राहतो. थोडा रस जातो, जाऊ द्या. घरात गरोदर बाई, लहान मुलं, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर त्यांच्यासाठी गुलाबी स्टेकचा हट्ट नकोच.

खिम्याची पॅटी असेल तर नियम आणखी कडक. दळताना पृष्ठभागावरचे जिवाणू सगळीकडे मिसळतात, म्हणून तिथे ७१ अंश. खाटकाने सुयांच्या यंत्राने टोचून मऊ केलेलं मांसही पूर्ण शिजवलेलं बरं. आणि हॉटेलच्या मेनूवर "चिकन स्टेक" असतो, त्याला रेअर-मिडियम असलं काही नसतं. कोंबडी ७४ अंशांपर्यंत गेलीच पाहिजे.

कापताना घाई नको

उतरवलेला स्टेक पाच मिनिटं जाळीवर किंवा पाटावर तसाच ठेवा. गार होताना आतला रस जरा दाट होतो आणि कापल्यावर कमी वाहतो. फॉइलमध्ये गच्च गुंडाळू नका, वाफ धरून खरपूस कवच मऊ पडतं.

मग मांसाचे धागे कुठल्या दिशेला जातात ते बघा आणि सुरी त्यांना आडवी चालवा. अंडरकटचे गोल काप आपोआप धाग्यांना आडवेच पडलेले असतात. कोकणी माणसाला ही पद्धत नवी नाही. सुरमईची गोल तुकडी अशीच आडवी कापलेली असते आणि इंग्रजीत तिलाही स्टेकच म्हणतात. लांबट तुकडा असेल तर मात्र जपून. धाग्यांच्या दिशेने कापला तर प्रत्येक घासात लांब लांब दोरे येतात आणि ५५ अंशांचा काटेकोर स्टेकही वातड लागतो.

उरलाच, तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. मिनिटभरात तो ७० च्या पार जातो आणि सगळी मेहनत वाया. झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी थंडच असताना जितका पातळ कापता येईल तितका कापा आणि उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू पिळून पावात भरा.